दळप उद्या आणा

"चप्पल तितंच काढ. उंबऱ्याला पाय लावू नको."

अकरा वर्षांनी माझी सख्खी बहीण माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे. ये नाही, बस नाही, कशी आहेस नाही. मी इचलकरंजीहून तीन एस्ट्या बदलून, मे महिन्याच्या उन्हात तोंड पुसत पुसत आलेली, आणि ही बया दारात उभी राहून मला चपलेचं सांगतेय. माझं डोकं तिथंच सणकलं.

"पाणी तरी विचार की गं आक्का."

"हितं कुटलं पाणी? नळ तोडून न्हेला."

हितं म्हणजे कुरणवाडीला, आमच्या गिरणीत. पुढं पिठाची गिरणी आणि मागं दोन खोल्या, एवढंच आमचं घर. आक्का आणि मी इथंच वाढलो. आमचे वडील, आण्णा, गेल्यापासून वीस वर्षं इथं कुलूप होतं. गावातले लोक मात्र कुलूप लागायच्या कितीतरी आधीपासून या घराला भुताची गिरणीच म्हणायचे. भर दुपारी इथून कुणी चालत जात नसे. आता रस्ता रुंद होणार होता, आणि गुरुवारी घर पाडायला जेसीबी येणार होता. तेवढ्यासाठी आक्काच्या लेकीचा, अश्विनीचा, मला फोन आला. "मावशी, आईनं बोलावलंय. मंगळवारी बाराच्या आत ये म्हणाली. एकटीच ये."

"तिला तोंड न्हाई व्हय? स्वतः फोन करायला काय झालंय?"

"मला नको बाई तुमच्या भांडणात घेऊ," अश्विनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

बोलावलं की शेपूट हलवत जाणारी बाई मी नव्हे. पण मला एक गोष्ट आक्काच्या तोंडून ऐकायची होती. माझा गुन्हा काय? अकरा वर्षं मी तेच विचारत होते. दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, तो दोरीसुद्धा न सोडता परत आला. माझ्या थोरल्याच्या लग्नाला आली नाही. आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. सख्खं म्हणावं असं जगात एकच माणूस, आणि तिनं मला तोडून टाकलेलं. का, ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

आणि तोडलं कशावरून, तर एका भुताच्या गोष्टीवरून! अश्विनीच्या हळदीला गारगोटीला आक्काच्या घरी वीस-पंचवीस बायका जमलेल्या. माझं इचलकरंजीत पार्लर आहे. कात्रीबरोबर तोंड चालवायची सवय, त्यामुळं चार बायका दिसल्या की मला गप्प बसवत नाही. त्या म्हणाल्या, रंजनाताई, ती तुमच्या गिरणीतल्या भुताची गोष्ट सांगा की. सांगितली. बायका हसून हसून लोळल्या. अर्ध्या तासानं आक्कानं मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि म्हणाली, "उद्या पहाटंच्या गाडीनं जा. पुन्यांदा माझ्या दारात पाय ठेवू नको." भाचीच्या डोक्यावर अक्षता टाकायलाही मला थांबू दिलं नाही.

तर असं हे आमचं. मी चप्पल बाहेर काढली आणि उंबरा ओलांडून आत गेले. आत काहीच राहिलं नव्हतं. जातं गेलं होतं, मोटर गेली होती. भिंतींवर जुनं पीठ बसून काळं पडलं होतं. पुढचं दार तेवढं होतं तसं होतं, सागवानी, आतून घालायच्या लाकडी अडसराचं, आणि खाली चार बोटांची फट. त्या फटीतून उंदीर यायचे म्हणून आण्णा रोज शिव्या द्यायचे आणि दुरुस्त मात्र कधी केली नाही.

"बोल," मी म्हटलं. "कशाला बोलावलंस?"

आक्का भिंतीला टेकून उभी होती. बारीक झाली होती. केस पांढरे, रंग लावलेला नाही. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई, कुणाचं मरण बघून तिच्या डोळ्यांची पापणी हलत नाही. ती म्हणाली, "सांग बगू."

"काय सांगू?"

"तुझी गोष्ट. भुताची. जशी लोकांत सांगतेस तशी सांग."

"आता? हितं?"

"हितंच घडली न्हवं? मग हितंच सांग."

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण मीही आण्णांचीच पोर. म्हटलं, ऐक तर मग. मुद्दाम हातवारे करून सांगायला लागले.

मी सहा वर्षांची आणि आक्का दहाची असताना आमची आई बाळंतपणात गेली. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. आण्णा एकटेच परत आले आणि म्हणाले, बाळही गेलं, आईही गेली, सगळं तिकडंच आटोपलं. आता आमच्याकडं असं मानतात की बाळंतीण मेली की ती हडळ होते आणि पोरांच्या ओढीनं घरी येते. म्हणून आण्णांच्या बहिणीनं, अनशी आत्यानं, रस्त्यापासून दारापर्यंत राळे फेकले. एकेक दाणा वेचल्याशिवाय हडळीला पुढं येता येत नाही म्हणतात. उंबऱ्यात चार खिळे ठोकले. आणि आम्हा दोघींना समोर बसवून पाठ करून घेतलं, की आईच्या आवाजात कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, दार उघडायचं नाही. ती आई नसते. तिचे पाय उलटे असतात, टाचा पुढं आणि बोटं मागं.

"आणि मग दोन महिन्यांनी," मी म्हटलं, "भर बाराचं ऊन. आण्णा गारगोटीला पट्टा आणायला गेलेले. आत्या नदीवर. गिरणी बंद. आम्ही दोघी आत, अडसर घालून. आणि दारावर थाप पडती, थप थप थप! मी फळीच्या भेगेतनं बघते तर काय! बाई उभी. डोकं भादरलेलं, बोटबोट केस. अंगावर पांढरं पातळ, डोळे आत गेलेले. आणि म्हणती, शाले, रंजे, दार उघडा गं, मी आले. आक्काची बसली दातखीळ! आणि मी," इथं मी नेहमी थोडं थांबते, बायका पुढं सरकतात, "मी गिरणीवाल्याची पोर! आण्णा घरात नसले की गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मला तोंडपाठ. मी आतनं खणखणीत ओरडले, आमची आई मेलीया, आण्णा घरात न्हाईत, दळप उद्या आणा!"

इथं सगळे हसतात. आजवर हसला नाही असा माणूस मला भेटलेला नाही. हडळीला दळण उद्या आणायला सांगणारी पोरगी! रिकाम्या गिरणीत माझा आवाज घुमला आणि कुणीच हसलं नाही.

"मग?" आक्का म्हणाली.

"मग काय? मग भूत गेलं. मी जाऊन कणगीत लपले आणि झोपी गेले. संध्याकाळी आत्यानं ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी देवऋषी आला, उतारा टाकला. झालं. यात तुझ्या नाकाला मिरच्या झोंबायला काय झालं ते मला आज कळलं पायजे."

आक्कानं मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मग ती दाराबाहेर गेली. "आत ऱ्हा. दार लाव. अडसर घाल."

"आक्का, खुळं लागलंय का तुला?"

"घाल म्हटलं न्हवं."

तिचा तो आवाज मला लहानपणापासून ठाऊक. त्या आवाजापुढं मी आजही सहा वर्षांचीच होते. दार लोटलं, अडसर घातला. आत अंधार झाला, फटीतून तेवढी उन्हाची पट्टी आत आली.

"आता आडवी हो," बाहेरून आक्का म्हणाली. "फटीतनं बग."

चांगली साडी नेसून आलेली मी, पन्नाशीला आलेली बाई, त्या पिठाच्या राडीत पोटावर झोपले. गाल जमिनीला लावला.

"काय दिसतंय?"

"तुझे पाय दिसत्यात. दुसरं काय दिसणार?"

"कसे हाईत?"

"भेगा पडल्यात. मलम लाव जरा."

"रंजे, सुलटे का उलटे?"

"सुलटे. काय खुळ्यागत विचारतेस?"

"त्या दिवशी बी सुलटेच हुते," आक्का म्हणाली.

मी तशीच पडून राहिले. कुणाचे, असं मी विचारलं खरं, पण विचारायची गरज नव्हती. 

"तू बोंबलत हुतीस, आणि मी हितं आडवी झाले, आत्ता तू झालीस तशी," बाहेरून तिचा आवाज येत होता. "आत्यानं सांगितलं हुतं न्हवं, पाय बगायचे? म्हणून बगितले. बोटं आमच्याकडं हुती. डाव्या अंगठ्याचं नख काळं हुतं. मुसळ पडून झालेलं, आठवतंय? आईचं."

मला आठवत नव्हतं. आईचं काहीच मला आठवत नव्हतं. घरात तिचा एक फोटोसुद्धा आत्यानं ठेवला नव्हता.

मी उठले, अडसर काढला. दार उघडून म्हटलं, "खोटं. तू खोटं बोलतीयास."

"बस हितं," आक्का पायरीवर बसली होती. मी बसले नाही. ती समोरच्या रस्त्याकडं बघत सांगत राहिली. बाळ मेलेलं जन्मलं. आई ते हातातून सोडेना. चार दिवस कुणाला ओळखेना, खाईना, रात्रंदिवस बडबडायची. आण्णांनी तिला परस्पर वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलं आणि घरी येऊन मेली म्हणून सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगायला मरण सोपं, वेड अवघड. दुसरं लग्नही ठरवायचं होतं. दोन महिन्यांत आईचं डोकं ठिकाणावर आलं आणि एक दिवस ती तिथून निघून, विचारत विचारत घरी आली. केस तिथं सगळ्यांचेच कापायचे.

"तिला तवर माहीत न्हवतं," आक्का म्हणाली. "आपण मेलोय म्हणून. ते तिला तुझ्याकडनं कळलं."

"मी सहा वर्षांची हुते, आक्का."

"व्हय. आणि ती 'बरं' म्हणाली. तू दळप उद्या आणा म्हणालीस आणि ती 'बरं बाई' म्हणाली आणि हितं बसली, ह्या पायरीवर. ते तू कधी सांगत न्हाईस."

"मला ऐकू न्हाई आलं!"

"तू तवर कणगीत गेली हुतीस. मी फटीलाच हुते. तीन वाजंपर्यंत बसली. सुताराची बायको दळप घेऊन आली, तिला बगून पाटी टाकून पळाली. रस्त्यानं चार माणसं गेली, सगळी लांबनं पळाली. एकानं धोंडा मारला. एक माणूस जवळ आलं न्हाई. मग तीनच्या गाडीनं आण्णा आले. आण्णा पळाले न्हाईत. तिच्याशी हळू बोलले, तिला उठवली आणि त्याच गाडीनं परत घेऊन गेले. आण्णांची पायताणं आणि तिचे अनवाणी पाय, बरोबर बरोबर जाताना मी बगितले."

मग माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मीच दोषी होते का? मी तिच्या अंगावर ओरडले, "आणि तू? तू दहा वर्षांची घोडी हुतीस! पाय सुलटे दिसले तर अडसर का न्हाई काढलास? मला भूत वाटलं. तुला तर आई दिसली हुती! मग तुझा गुन्हा मोठा का माझा?"

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही.

"माझा," आक्का म्हणाली. "मी कुटं न्हाई म्हणते? अडसराला हात लावला हुता. पण आपण तिचं तेरावं जेवलो हुतो, रंजे. पुरणपोळ्या. मी तीन खाल्ल्या हुत्या. तेरावं जेवून झाल्यावर माणूस दारात आलं तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं न्हवतं. मला वाटलं, आता दार उघडलं तर आपल्याला मार बसंल."

मग ती म्हणाली, "तिला पोचवून आले त्या रातीला आण्णांना सांगितलं, ती आई हुती, पाय सुलटे हुते. त्यांनी मला जात्यामागं न्हेलं आणि म्हणाले, परत बोललीस तर तुलाबी तिच्यासंगं ठेवीन. तिच्यासंगं म्हणाले. तवा कळलं की ती कुटंतरी हाय."

"आणि तू गप्प बसलीस."

"वीस-बावीस वर्षं. आण्णा गेले आणि त्यांची ट्रंक मी आवरली. त्यात पोस्टकार्डांचा गठ्ठा हुता, इस्पितळातनं आलेला. पेशंट बरी आहे, घेऊन जावे. दर वर्षाला. पेशंट बरी आहे, घेऊन जावे. ते वाचून मी गेले तितं. मला बगितल्याबरोबर म्हणाली, शाले, किती वाळलीस गं."

"मग घरी का न्हाई आणलीस?"

"सासरी काय सांगू? माझी मेलेली आई बरी झाली म्हणून? माझ्यात तेवढा दम न्हवता. सांगलीकडं एका आश्रमात ठेवली. दर महिन्याला जात हुते."

पोस्टकार्डं, आश्रम, दर महिन्याला. मला एकदम सगळं लख्ख झालं आणि मी तिचा दंड धरला. आई आता सत्तरीची तर असेल! सत्तर म्हणजे काही फार नाही. "मग चल," मी म्हटलं. "ऊठ. आत्ता जाऊ सांगलीला. गाडी करू. मी पाया पडते तिच्या, काय करायचं ते करते. ऊठ की आक्का!"

तिनं माझा हात दंडावरून काढला.

"गेली ती. मागल्या महिन्यात. झोपेतच गेली."

मी खाली बसले ती त्या पायरीवरच. आधी रागच बाहेर पडला. "मला कळवलं का न्हाईस?"

"काय कळवू? आई मेली? ते तर तूच आधीपासनं सांगत आलीस."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. "वैरीण हाईस तू. निदान एकदा भेटवायची तरी हुतीस मला. एकदा! लांबनं तरी!"

"भेटवलं की."

"कधी?"

"अश्विनीच्या हळदीला."

आक्का आता माझ्याकडं बघत होती. एकटक बघत होती. "घरच्यांना सांगितलं, आश्रमातल्या आजी हाईत, चार दिवस आणल्यात. तुलाबी लग्न पार पडलं की सांगणार हुते. तिला तसं बोलून ठेवलं हुतं. सकाळपासनं तुझी वाट बगत बसली हुती. तू रिक्षातनं उतरलीस तवा खिडकीशी उभी हुती. माजघरात दाराजवळ बसून अक्षतांना कुंकू लावत हुती, तीच."

मला आधी काही आठवेना. मग आठवलं. एक लहानखुरी म्हातारी होती, पांढऱ्या पातळातली, हाताची बोटं लाल झालेली. मी गोष्ट सांगायला लागले तशी ती परात घेऊन पुढं सरकली होती. सगळ्या बायका हसल्या तेव्हा तीही हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली, पदरानं डोळे पुसून पुसून. आणि बायका उठायला लागल्या तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "परत सांग की गं."

मला काय, तेवढंच हवं असतं. मी परत सांगितली. दुसऱ्या वेळेला जास्त रंगवून सांगितली. भुताचा आवाज काढला, भादरलेलं डोकं करून दाखवलं, आतून ओरडले ते तिच्या अंगावर ओरडले, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. गोष्ट संपल्यावर तिनं माझ्यावरून दोन्ही हात उतरवून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. माझे केस सेट केलेले होते. मी डोकं मागं घेतलं आणि म्हटलं, "आजी, हाताला कुंकू हाय तुमच्या, केस खराब हुतील."

हे सगळं मला आठवलं. आक्काला मी यातलं काही सांगितलं नाही, तिनं ते स्वयंपाकघराच्या दारातून बघितलंच होतं.

"त्याच रातीला म्हणाली, मला उद्या पोचव," आक्का सांगत होती. "अक्षता पडूस्तवर थांबली न्हाई. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते रंजीला, तिला कळू दे आपण काय बोललो ते. तिनं माझा हात धरला. म्हणाली, शाले, शपथ हाय तुला. धाकटीला मी भूतच असू दे. भुताची गोष्ट तिला हसत हसत सांगता येती. आईची सांगायला गेली तर मरंल पोरगी."

लांब वळणावर एस्टीचा हॉर्न वाजला. आक्का उठली, पिशवी घेतली, साडीचा घोळ झटकला. मीही उठले.

"मग तू का सांगितलंस?" मी म्हटलं. "शपथ घातली हुती ना तिनं? ती गेल्यावर मोडलीस? एवढी वर्षं गप्प बसलीस, मग आणिक गप्प बसायला काय झालं हुतं?"

आक्का रस्त्याला लागली होती. ती थांबली, पण वळली नाही.

"ती आई हुती, रंजे. तिला तुझी माया हुती. मीबी अकरा वर्षं वाट बगितली, माझ्यात येती का म्हणून. न्हाई आली."

एस्टी थांबली. आक्का चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. कंडक्टर दारातून मला विचारत होता, ताई, येणार का, की मागनं येणारी गाडी? मी मान हलवली. त्याचा काय अर्थ होता ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्यानं घंटी मारली आणि गाडी गेली.